पितळेचा सर्प

आजची उपासना नवापूरजवळच्या पाड्यावर होती. भात गुडघ्याला आलेला, बांधावर नुसता चिखल. लोक जमत होते तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "घोणस!" पोरांनी काठ्या आपटल्या, ती भातात शिरली.

पाळकांनी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी) मग ठरवलेला संदेश सोडून बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 21 वा अध्याय काढला. अरण्यात कुरकुर करणारे इस्राएली, चावणारे साप, त्यांचा पुढारी मोशे याने खांबावर चढवलेला पितळेचा सर्प. लोकांची विनंती होती की साप घालवून दे. मिळालं वेगळंच : साप आहेत तिथेच, पण चावलेला माणूस वर बघेल तर जगेल. योहानाच्या शुभवर्तमानात, 3 ऱ्या अध्यायात, येशू हाच सर्प स्वतःच्या उंच केलं जाण्याशी, म्हणजे क्रुसावर चढवलं जाण्याशी जोडतो. (पाळकांनी लगेच बजावलं, शेतात साप चावला तर आधी सरकारी दवाखाना. बरं केलं.)

मला मात्र पुढची गोष्ट जास्त भिडते. शेकडो वर्षांनी लोक त्याच सर्पापुढे धूप जाळायला लागले, तेव्हा यहूदाचा राजा हिज्कीया याने त्याचे तुकडे केले. बायबलमध्येच, 2 राजे 18:4, बघा काढून. मागे बसलेल्या आजीने विचारलंच, "देवानंच करायला लावला होता ना, मग मोडला कसा?"

बाहेर आमच्या दुचाकी गाड्या उभ्या होत्या. प्रत्येक काचेवर क्रूस, माझ्याही. अपघात होऊ नये म्हणून लावलाय, असं त्यातल्या निम्म्यांनी तरी मला कधी ना कधी सांगितलंय. हेल्मेट एकाकडेही नव्हतं.