चीनच्या मनोऱ्यातली खाच

बारावीच्या भूगोलात लोकसंख्येचा मनोरा, म्हणजे कोणत्या वयाचे किती पुरुष आणि किती स्त्रिया हे दाखवणारा आलेख, शिकवताना मी दरवर्षी चीनचा मनोरा मुद्दाम फळ्यावर काढते. पाच-पाच वर्षांचे वयोगट केले की त्यातली महत्त्वाची गोष्ट अर्धी बुजते, म्हणून मी एकेका वर्षाच्या पट्ट्या काढते. खडू वरून खाली येतो आणि 1959 ते 1961 या जन्मवर्षांपाशी एकदम आत घ्यावा लागतो. दोन्ही बाजूंनी उंदराने कुरतडल्यासारखी खाच. तिच्या लगेच खाली 1962-63 च्या पट्ट्या बाहेर झेपावतात. 1961 मध्ये चीनमध्ये साधारण 1 कोटी 19 लाख बाळं जन्मली, 1963 मध्ये 2 कोटी 95 लाखांच्या आसपास. मुलं विचारतात, "मॅडम, युद्ध झालं होतं का?"

युद्ध झालं नव्हतं. शेतकऱ्यांच्याच देशात शेतकरी उपाशी मेले होते. किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कमीत कमी अंदाज दीड कोटीचा, जास्तीत जास्त साडेचार कोटींचा, आणि बरेचसे अंदाज तीन कोटींच्या आगेमागे येतात. मध्यम अंदाज धरला तरी आजच्या महाराष्ट्रातला जवळजवळ दर चौथा माणूस.

पाऊस काही भागांत कमी झाला, हे खरं. पण 1958 मध्ये माओंनी 'मोठी झेप', म्हणजे शेती आणि उद्योगात झटपट पुढे जायची मोहीम, जाहीर केली आणि गावंच्या गावं कम्यूनमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या मोठ्या वसाहतींत, कोंबली गेली. घरातली कढई पोलाद करायला भट्टीत गेली, चूल बंद झाली, जेवण सामुदायिक खानावळीत. कापणीच्या वेळी माणसं शेताऐवजी भट्ट्यांवर होती. वरच्यांना खूश करायला प्रत्येक पायरीवरचा कार्यकर्ता पिकाचा आकडा फुगवत गेला, आणि सरकारी धान्यवसुली त्या फुगलेल्या आकड्यावर झाली. धान्याचं उत्पादन 1958 च्या 20 कोटी टनांवरून 1960 मध्ये साडेचौदा कोटींच्या खाली आलं. तरीही 1959 मध्ये 40 लाख टनांहून जास्त धान्य निर्यात झालं. हे वाक्य मी वर्गात दोनदा म्हणते.

हेनान प्रांतातला शिनयांग हा विभाग नकाशावर शोधून पाहा. देशातलं पहिलं कम्यून 1958 मध्ये तिथेच, चायाशानला उभं राहिलं, आणि उपासमारीचा सगळ्यात भीषण फटकाही तिथेच बसला. 80 लाखांच्या वस्तीतली सुमारे 10 लाख माणसं गेली. कोठारांत धान्य होतं. वसुली भरत नाही म्हटल्यावर शेतकऱ्यांनी धान्य लपवलंय असा आरोप झाला आणि झडत्या, मारहाण सुरू झाली. गाव सोडून भीक मागायला निघालेल्यांना रस्त्यावर अडवलं गेलं. बाहेर पाठवलेली पत्रं टपाल कचेरीतच अडकवली गेली. भुकेची बातमी बाहेर जाऊ न देण्यासाठी एवढी यंत्रणा राबली. त्यातली थोडी जरी धान्य वाटायला लावली असती तर किती घरं वाचली असती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

जे बोलले त्यांचं काय झालं, तेही सांगते. संरक्षणमंत्री पेंग दहुआय यांनी 1959 च्या लुशान बैठकीत शंका काढली, त्यांचं पद गेलं आणि वसुलीचा जोर आणखी वाढला. 1962 च्या सात हजार कार्यकर्त्यांच्या परिषदेत राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांनी, तीन हिस्से निसर्गाचा कोप आणि सात हिस्से माणसाची करणी, हे हूनानच्या शेतकऱ्यांचं म्हणणं सगळ्यांसमोर ठेवलं. पुढे माओंनी पक्षातल्याच लोकांवर उलटवलेल्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांचे हाल झाले आणि 1969 मध्ये ते कैदेतच वारले. ती क्रांती समजून घ्यायची तर या उपासमारीपासून सुरुवात करावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

आता माझ्या घरचं. मी 1973 च्या मार्चमधली, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली. आमच्याकडे नुसतं 'बहात्तर' म्हटलं तरी कळतं. माझ्या वेळी आई सातव्या महिन्यापर्यंत दुष्काळी कामावर खडी फोडत होती. हातोड्याने बोटाचं नख गेलं ते पुन्हा नीट आलंच नाही, अजून वाकडं आहे. "मिलो घशाखाली उतरायची न्हाई," त्या परदेशी लाल ज्वारीबद्दल ती सांगते, "पर मिळायची तरी. सुकडी मिळायची. आठवड्याला पगार व्हायचा." 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसं अशा कामांवर होती. पगार थकला की मोर्चा निघायचा, विधानसभेत गोंधळ व्हायचा, पेपरात छापून यायचं. अमर्त्य सेन यांनी चीन आणि भारताची तुलना करताना याच गोष्टीवर बोट ठेवलं: वर्तमानपत्रं आणि विरोधी पक्ष असतात तिथे एवढा मोठा दुष्काळ दडपता येत नाही. त्याच सेन यांनी अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांच्यासोबत हेही लिहिलं, की चीनच्या मानाने भारतात रोजच्या कुपोषणाने आणि आजारांनी इतकी जास्त माणसं मरतात, की दर आठेक वर्षांनी चीनच्या त्या उपासमारीएवढा आकडा भरतो. पहिलं वाक्य ऐकून माना डोलवणाऱ्यांनी दुसरं गाळू नये.

आई खडी फोडत होती तेव्हा मी तिच्या पोटात होते. म्हणूनच असेल, चीनमधल्या त्या पोटातल्या मुलांबद्दल मी मिळेल ते वाचत आले आहे. आनह्वेई प्रांतातल्या वूहू भागातल्या नोंदींवरून 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1959 मध्ये जन्मलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण 0.84 टक्के होतं. 1960 मध्ये जन्मलेल्यांत ते 2.15 टक्के निघालं, 1961 मध्ये 1.81. दुसऱ्या एका अभ्यासाचा हिशेब असा, की 1959 मध्ये जन्मलेली माणसं उपासमार झाली नसती तर सरासरी तीन सेंटीमीटर उंच झाली असती. हे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवावं लागतं. सगळ्यात अशक्त होती ती जन्मलीच नाहीत, किंवा पाळण्यातच गेली. मोजमाप झालं ते त्यातल्या त्यात काटक निघाले त्यांचं. म्हणजे खरं नुकसान आकड्यांपेक्षा मोठंच असणार.

भुकेने गावांना काय शिकवलं, ते फंगयांग तालुक्यात दिसतं. तोही आनह्वेईतलाच. 1960 मध्ये त्या प्रांताचा मृत्युदर, सरकारी आकड्यांप्रमाणेच, हजारी 68 च्या वर गेला होता. फंगयांगमधल्या शियाओगांग गावच्या 18 शेतकऱ्यांनी 1978 च्या हिवाळ्यात रात्री चोरून एक कागद केला. जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारचा वाटा भरायचा, उरेल ते आपलं. त्यासाठी कुणाला तुरुंग झाला किंवा जीव गेला तर त्याची मुलं बाकीच्यांनी 18 वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. खाली अंगठे. पुढच्याच हंगामात पीक कितीतरी पटींनी वाढलं, आणि प्रांताचे पक्षसचिव वान ली यांनी त्यांना शिक्षा करण्याऐवजी पाठीशी घातलं. उपासमारीत जे प्रांत जास्त होरपळले तेच कम्यून मोडायला सगळ्यात आधी पुढे आले, असं अभ्यासकांना दिसलं आहे. चीनच्या आर्थिक सुधारणांचं श्रेय आपण माओंनंतरचे नेते तंग श्यावफिंग यांना देऊन मोकळे होतो. मला त्या अंगठ्यांचा हिस्सा मोठा वाटतो.

धान्याची ती भीती राज्यकर्त्यांच्याही अंगात मुरली. शेतजमीन 12 कोटी हेक्टरच्या खाली जाऊ द्यायची नाही ही त्यांची लक्ष्मणरेषा आहे. 2021 मध्ये अन्नाची नासाडी रोखणारा कायदाच झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात संकरित भाताचे जनक युआन लोंगपिंग चांग्शामध्ये वारले. उपासमारीच्या वर्षांत ते हूनानमधल्या एका शेतकी शाळेत शिकवत होते आणि रस्त्याकडेला पडलेली भूकबळींची प्रेतं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांच्या अंत्यदर्शनाला लोटलेली गर्दी, पावसातल्या त्या रांगा मी बातम्यांत पाहिल्या. पण ज्या उपासमारीमुळे हा माणूस एवढा मोठा झाला, तिच्याबद्दल चीनमध्ये मोकळेपणाने बोलता येत नाही. देशात तिचं सरकारी स्मारक नाही. यांग जिशंग हे शिनहुआ या सरकारी वृत्तसंस्थेचे माजी पत्रकार. 1959 मध्ये हूबेईतल्या गावी त्यांचे वडील उपासमारीने गेले. तेव्हा त्यांना ते आपल्याच घरावरचं संकट वाटलं, आणि शाळेत परतून ते पुन्हा झेपेची स्तुती लिहायला लागले. खरं काय घडलं हे त्यांनी अनेक वर्षांनी प्रांतोप्रांतीच्या दप्तरखान्यांत बसून शोधलं. त्या शोधाचं पुस्तक 2008 मध्ये हाँगकाँगला छापलं गेलं. मुख्य भूमीवर ते बंदीच्या यादीत आहे.

खाचेखालच्या फुगवट्याचीही गोष्ट मोठी आहे. उपासमार सरताच घराघरांत मुलं झाली, तो ओघ दहा वर्षं टिकला. मग सरकारला उलटी धास्ती बसली. 1970 च्या दशकात आधी 'उशिरा, अंतर ठेवून, कमी' ही मोहीम आली आणि दशक संपता संपता एकच मूल. फुगवट्यातली ती माणसं आता दरवर्षी दोन कोटींच्या संख्येने साठी ओलांडताहेत आणि त्यांच्यामागे मुलं आहेत एकेक. 2022 मध्ये चीनची लोकसंख्या साडेआठ लाखांनी घटली, 1961 नंतर पहिल्यांदाच. 1 जानेवारी 2025 पासून निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्याने वाढवायला सुरुवात झाली आहे.

आणि मधुमेह. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आयाबाळांचा अभ्यास करताहेत. त्यांच्या कामामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक झालंय, की पोटात असताना झालेली आबाळ पुढे साखरेच्या रूपाने बाहेर येते. चीनमध्ये जिथे उपासमार तीव्र होती, तिथे त्या तीन वर्षांत पोटात असलेल्यांत मोठेपणी हेच दिसलं, आणि पुढे ज्यांचं खाणं-पिणं सुधारलं त्यांच्यात जास्त. उत्तरेकडच्या हेलोंगजियांग प्रांतातल्या स्वेहुआ शहरात संशोधक आणखी एक पिढी पुढे गेले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्यांचे आईवडील दोघंही उपासमारीच्या काळात गर्भात होते, त्यांच्या मुलांच्याही रक्तात साखर जास्त असल्याचं आढळलं. ही मुलं पोटभर खाऊन वाढलेली. त्यांचा जन्म होईस्तोवर उपासमार संपून दोन-दोन दशकं उलटली होती.