लिस्बेथ आणि अंगठ्याचे पाचशे रुपये

अंबाजोगाई, मंगळवार, रात्र

स्वीडिश लेखक स्टीग लार्सनच्या मिलेनियम या रहस्यकादंबऱ्यांच्या मालिकेतलं दुसरं पुस्तक उघडलंय, पण डोक्यातून पहिलं जाईना. त्यातली नायिका लिस्बेथ सलँडर म्हटलं की लोक तिचं हॅकिंग, ‘वास्प’ हे टोपणनाव, पाठीवर गोंदलेला ड्रॅगन यांवर बोलतात. मला तो तिचा कायद्यानं नेमलेला पालक ब्युरमन छळतोय. कुणाच्याही कॉम्प्युटरात शिरणारी पोरगी, पण सरकारदप्तरी स्वतःचा कारभार बघायला नालायक! आधीचे पालक पाल्मग्रेन भले होते. ते आजारी पडले आणि हा वकील आला. आल्या आल्या तिचं बँक खातं ताब्यात घेतलं. लॅपटॉप मोडला तर स्वतःच्याच पैशांसाठी त्याच्या दारात उभं राहायचं. पुढचा सगळा अत्याचार त्या मागण्यातूनच सुरू होतो.

शेवटी ती लबाड उद्योगपती वेनरस्ट्रॉमचे कोट्यवधी लंपास करते, तिथं माझा रस आटला. पैसेवाली लिस्बेथ मला परकी वाटते.

आमच्या सेवा केंद्रात वास्पची गरजच नाही. लोक ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवतात! आज एक मावशी आल्या. लाडक्या बहिणीचे १५०० आले का बघायला.

“कार्ड कुठाय?”

“पोरापाशी असतंय.”

“आणि मोबाईल नंबर?”

“त्यो बी त्याचाच हाय.”

आधारवर अंगठा लावून पाचशे काढून दिले. त्यांनी घडी घालून कमरेच्या पिशवीत खोचले. म्हटलं, बँकेत अर्ज देऊन नंबर बदलून घ्या. “राहू दे बाई, घरात कालवा होतंय.”

संध्याकाळी पोरगा हजर. मेसेज त्याच्याच फोनवर गेला ना! “आईनं पैसे कशाला काढले?” मी म्हटलं, खातं तिचं आहे, तिलाच विचार. कुरकुरत गेला.

लिस्बेथनं त्याचा फोनच उघडून ठेवला असता. आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ आहे, दुसऱ्याच्या यंत्रात परवानगीशिवाय शिरलं तर ३ वर्षांपर्यंत आत. तिनं तरी कुठं कायद्याची वाट बघितली? ब्युरमनचं कृत्य छुप्या कॅमेऱ्यात टिपलं आणि आपलं खातं आपल्या हातात घेतलं. सूड फार क्रूर आहे, मान्य. पण वाचताना मला एकदाही ‘बास कर’ म्हणावंसं वाटलं नाही.

लार्सन २००४ मध्ये गेला, पहिलं पुस्तक २००५ मध्ये आलं. त्याची जोडीदार एव्हा गॅब्रिएलसन त्याच्याबरोबर ३२ वर्षं राहिली. लग्न नव्हतं, ग्राह्य धरण्याजोगं मृत्युपत्रही नव्हतं, त्यामुळे सगळं वडील आणि भावाकडे गेलं. एवढ्या प्रगत म्हणवणाऱ्या देशात!

मावशींचा अर्ज आपणच भरून ठेवावा, असं मनात येतंय. पण त्यांनी नको म्हटलंय. त्यांना न विचारता केलं तर मीही पालक होऊन बसायची. बाजाराच्या दिवशी येणार आहेत, तेव्हा पुन्हा विचारीन.