लेट मार्क, मशीन आणि माझं बोट

ऑफिसला वेळेवर पोहोचायचं म्हणून लवकर उठणं, आदल्या रात्री पर्स भरून ठेवणं, भाजी चिरून फ्रीजमध्ये टाकणं, हे थोड्याच दिवसांत अंगवळणी पडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते ऑफिसच्या दारात, भिंतीवरच्या हजेरीच्या थंबच्या मशीनपाशी. तो राग अजून गेला नाही, म्हणून हे लिहितेय.

आमची वेळ साडेनऊची, वर दहा मिनिटांची सवलत. नऊ चाळीसनंतर लेट मार्क आणि महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापली जाते. मी राहते डोंबिवलीला, ऑफिस फोर्टात. गाडी मस्जिद स्टेशनपर्यंत अगदी वेळेत येते आणि मग सीएसएमटीला, म्हणजे शेवटच्या स्टेशनात, प्लॅटफॉर्म मोकळा नाही म्हणून सिग्नलला उभी राहते. दारातल्या काही बायका खाली उतरून रुळांतून चालायला लागतात. मी नाही उतरत, तुम्हीही उतरू नका. ही थांबायची मिनिटं रोजच्या हिशेबातच धरायची. हे मला कळलं, तशी मी एक गाडी आधीची पकडायला लागले आणि ऑफिसच्या पायरीवर वेळेत उभी राहायला लागले.

तरी लेट मार्क चालूच! कारण ऑफिसच्या लेखी तुम्ही येता ती वेळ म्हणजे मशीन तुमचं बोट मान्य करतं ती. माझ्या पुढचे पुरुष बोट टेकवतात, मशीन ‘थँक्यू’ म्हणतं, ते आत जातात. मी टेकवलं की ‘प्लीज ट्राय अगेन’. पुसून टेकवलं, पुन्हा तेच. मागची रांग चुकचुकायला लागते. बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायचं आणि मग पुन्हा आपण. एवढ्यात नऊ बेचाळीस.

अ‍ॅडमिनकडे गेले.

“मॅडम, सिस्टीममध्ये नऊ बेचाळीसच दिसतंय.”

“अहो, नऊ सदतीसला मी मशीनसमोर उभी होते. सीसीटीव्ही बघा.”

“सीसीटीव्ही अटेंडन्सला धरत नाहीत, मॅडम.”

मशीन बोटावरच्या रेषा वाचतं. सकाळी भांडी, कणीक, कपड्याचा साबण यातून निघालेल्या बोटावर त्या रेषा झिजलेल्या असतात. पावसाळ्यात बोट ओलं, थंडीत कोरडं ठक्क. दोन्ही त्याला चालत नाही. आमच्याकडे हा त्रास बहुतेक बायकांनाच होतो, हे अ‍ॅडमिनला सांगून पाहिलं. त्यावर उत्तर आलं, “क्रीम लावा ना.” क्रीम लावलं तर काच चिकट होते आणि मागच्या माणसाचंही बोट लागत नाही.

बोट नव्याने नोंदवायचं तर तो अधिकार हेड ऑफिसचा. त्यासाठी मेल, मग साहेबांची सही असलेला फॉर्म, मग ‘नोंदणी करणारे आज रजेवर आहेत’. तोवर कापलेली रजा परत मागायची तर वेगळा फॉर्म, तोही पंचवीस तारखेच्या आत, कारण नंतर पगाराचा हिशेब बंद होतो. वेळेवर येणाऱ्या माणसाला हे लोक ज्या गतीने उत्तर देतात, त्या गतीला लेट मार्क कोणी लावत नाही.

वाट काढून दिली ती आमच्या शिपाईकाकांनी. म्हणाले, “ताई, बोट कपाळावर घासा आणि मग ठेवा. रेशनच्या दुकानात आम्ही हेच करतो.” कपाळाचं थोडं तेल बोटाला लागतं आणि रेषा उठतात. पहिल्याच खेपेला ‘थँक्यू’! पुढे नोंदणी झाली तेव्हा मी हट्टाने दोन बोटं नोंदवून घेतली. त्यातलं एक डाव्या हाताची अनामिका, ती घरकामात कमी झिजते. हे मात्र पहिल्याच दिवशी करून घ्या, आणि पर्समध्ये कोरडा रुमाल ठेवा.

यातून हिशेब उलटा करायची सवय लागली. घरून किती वाजता निघायचं हे आधी ठरवायचं नाही. ‘थँक्यू’ किती वाजता ऐकायचंय ते ठरवायचं आणि तिथून मागे यायचं: मशीनची रांग, सबवे, मस्जिदचा सिग्नल, डोंबिवलीचा पूल, शेअर रिक्षाची रांग, लिफ्ट. दाराला कुलूप लावल्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत मी दहा मिनिटं धरत होते. मोबाइलवर मोजलं तर एकोणीस निघाली. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस नेहमी कमीच धरतो, हे काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडून ठेवलंय. अंदाज धरू नका, मोजा.

घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचा सल्ला सगळे देतात. काही उपयोग नाही, ते पुढे आहे हे आपल्याला माहीत असतंच. आमच्या घरी तर उलट आहे. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईची जुनी वेळ शहरात पुढे कित्येक वर्षं चालली, 39 मिनिटं मागे. आमचे हे अजून तिच्यावरच चालतात. नाटकाला मात्र तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत असतात! म्हणून आता लग्नाला जाताना मी त्यांना मुहूर्त सांगत नाही, रिक्षा खाली कधी येणार तेवढंच सांगते.

आणखी एक राहिलं. ‘पाच मिनिटांत पोहोचते’ असं फोनवर सांगणं मी बंद केलं. ‘आत्ता ठाण्याला आहे’ असं सांगते, समोरचा काय तो हिशेब करतो.

रजेच्या फॉर्मवर पोच घ्या, निदान मोबाइलवर फोटो तरी काढून ठेवा. माझी पावसाळ्यातली अर्धी रजा अजून जमा झालेली नाही. काल परत मेल टाकलाय, या वेळी साहेबांना सीसीत ठेवून.