तुम्ही विचारलंत म्हणून: रवांडात शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं कसं?

"हुतू-तुत्सींचं शेकडो वर्षांचं वैर होतं, 1994 मध्ये ते उफाळलं, असंच ना?" रवांडाचं नाव निघालं की हा प्रश्न ठरलेला. (हुतू तिथले बहुसंख्य, तुत्सी अल्पसंख्य; 1994 मध्ये हुतू अतिरेक्यांनी तुत्सींचा वंशसंहार केला.) नाही, असं नव्हतं. का, ते एकदा नीट सांगते.

बुतारे प्रांत घ्या. इथे तुत्सींची वस्ती मोठी. वैरच उफाळायचं तर आधी इथे उफाळायला हवं होतं. 6 एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि राजधानी किगालीत लगेच कत्तल सुरू झाली. बुतारेचा बहुतेक भाग मात्र जवळजवळ दोन आठवडे शांत राहिला, इतका की आजूबाजूच्या प्रांतांतली माणसं जीव वाचवायला इथे येत होती. इथले प्रीफेक्ट, म्हणजे प्रांताचे प्रमुख, ज्याँ-बाप्तिस्त हाब्यालिमाना हे देशातले एकमेव तुत्सी प्रीफेक्ट. त्यांनी आग पसरू दिली नाही. 17 तारखेला त्यांना काढल्याचं रेडिओवरून जाहीर झालं. 19 तारखेला नवा प्रीफेक्ट नेमताना हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो स्वतः हजर होता. 'मला काय त्याचं' म्हणणाऱ्यांनी बाजूला व्हावं, असं त्याने भर सभेत बजावलं. दुसऱ्याच दिवशी सैनिकांनी माजी राणी रोझाली गिकांदा यांना घरातून नेऊन गोळ्या घातल्या. मग प्रांतभर तेच. हाब्यालिमानांनाही पुढे मारलं. गावं तीच होती, शेजारही तोच. फक्त वरचा माणूस बदलला होता.

पुढचं काम प्रशासनाने केलं. प्रीफेक्टकडून कम्यूनच्या, म्हणजे प्रांताखालच्या विभागाच्या, प्रमुखाकडे, त्याच्याकडून खाली वाडीपर्यंत निरोप जायचा. पुरुषांना गस्तीची सक्ती होती. नाक्यावर ओळखपत्र बघायचे. हुतू की तुत्सी हा त्यातला रकाना बेल्जियनांनी 1930च्या दशकात घातलेला. माणसं झुडपांत लपतात हे दिसल्यावर गावकऱ्यांकडून झुडपं तोडून घेतली. पुढे 'आता शांतता आहे' असं जाहीर करून लपलेल्यांना बाहेर काढलं. रागाच्या भरात कोणी झुडपं साफ करत बसत नाही.

"म्हणजे मारणारे निर्दोष?" असं लगेच विचारू नका, मी तसं म्हणतच नाही. ताबा कम्यूनचा प्रमुख अकायेसू सुरुवातीला मारेकऱ्यांना अडवत होता. 18 एप्रिलला हंगामी सरकारबरोबर बैठक झाली आणि तो फिरला. आपण हतबल होतो, हा त्याचा बचाव आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 1998 मध्ये फेटाळला. योग्यच केलं. पण हुकमाने सगळं उलगडतं असंही नाही. मेलेल्या शेजाऱ्याच्या घराची दारं-खिडक्या उचकटून न्यायला, त्याची गाय कापून खायला कोणी हुकूम दिला होता?