भाचीचा रिसर्च आणि आमचा होल्डिंग पाँड

माझी भाची सध्या युनिव्हर्सिटीच्या एका प्रोजेक्टवर आहे, शहर आणि पाणी असा काहीतरी विषय, आणि टीममध्ये एक सिव्हिल इंजिनिअर, एक समाजशास्त्रवाली, एक कायदा शिकणारा आणि ही स्वतः भूगोलवाली. मला आधी वाटलं चौघं मिळून करणार काय, भांडणच ना. रविवारी त्यांना वाशीला मिनी सीशोरजवळचा होल्डिंग पाँड दाखवायला मी घेऊन गेले.

इंजिनिअर पोरगा खूश एकदम. वाशीचा बराचसा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून सिडकोने हे तलाव केले, भरती आली की खाडीच्या दाबाने फ्लॅप गेट आपोआप बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला गेट उघडून खाडीत जातं. मग तुंबतं का? गाळ भरलाय म्हणून. मग काढत का नाहीत? इथे वकील पोराची एंट्री, तलावात कांदळवन उगवलंय आणि ते हायकोर्टाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही 😄 म्हणजे गाळ इंजिनिअरिंगचा, झाड पर्यावरणाचं, अडलंय कोर्टात, आणि पाणी आमच्या ग्राउंड फ्लोअरला, २००५ला तर सोफा तरंगत होता.

पण खरी मजा वाशी गावात आली. तिथले एक कोळी काका, सत्तरीचे असतील, जाळं विणत बसलेले. इंजिनिअर मोबाईलवर भरतीचा तक्ता दाखवायला लागला तर काका म्हणाले, मोबाईल ठेव, आज तिथी कंची? तिथीची पाऊणपट कर, तेवढे वाजता भरती. अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा, अर्धापाऊण तास इकडेतिकडे. पुनव-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे लहान भरती, आणि उधाणाच्या दिवशी दुपारी मुसळधार आला की गेट बंद, पाणी रस्त्यावर, ह्याला कॉम्प्युटर कशाला पाहिजे. तक्त्याशी ताडून बघितलं तर जवळपास जुळलं, पोरगा गप्प.

समाजशास्त्रवालीने मग फॉर्म काढला, "पाणी कधी भरतं" ला पर्याय होते जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. काकांनी चारही सोडून दिले.

घरी आल्यावर भाचीने नवीन रकाना केला तिथीचा, आणि आमच्या गेल्या चार वर्षांच्या कालनिर्णयवर पाणी भरल्याच्या तारखा मी खुणा करून ठेवल्यात म्हटल्यावर माळ्यावरचे तर नेलेच, भिंतीवरचं पण काढून नेलं. आता दूधवाल्याचे खाडे कुठे लिहू मी?