माकुलाची अंडी उबवताना
कर्नाटकच्या किनाऱ्यावर माडाच्या पोया (नारळाच्या फुलोऱ्याचे तुरे) समुद्रात सोडून अंडी घालायला आलेली माकुलं (कटलफिश, सेपिया फॅरोनिस) पकडतात. पांढुरक्या अंड्यांचे घोस त्या पोयांनाच चिकटतात. ते फेकण्याऐवजी उबवणीत आणावेत. घोस सुटे करून जाळीच्या टोपलीत, पाण्याच्या मध्यावर टांगायचे. हवा सौम्य सोडायची. तळाशी ढीग झाला की आतली अंडी गुदमरतात, मग बुरशी आलीच. २८ अंशांच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात.

खरी गोची पुढे आहे. पिल्लं सुरुवातीला हलणारंच भक्ष्य धरतात, त्यामुळे जिवंत मायसिड (कोळंबीसारखे बारीक जीव) हवेत. नुसत्या आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातले आणखी बारीक जीव) भागवलंत तर वाढ खुंटते, उपाशी ठेवलीत तर एकमेकांना खातात. आणि जाळीने उचलू नका! मगात पाण्यासकट घ्या. शरीरात हवा शिरली तर पिल्लू वरच तरंगत राहतं, त्याला शिकार जमत नाही.