परदेशी निघताना रुपया एकदाच बदला

परदेश प्रवासात खिशाला सगळ्यात मोठी गळती लागते ती रुपया दोन-तीनदा बदलल्यामुळे. रुपयाचे डॉलर, डॉलरचे थायलंडचे बाट, उरलेल्या बाटचे परत रुपये. प्रत्येक बदलाला मधला माणूस आपला वाटा काढून घेतो, आणि तो बऱ्याचदा पावतीवर ‘कमिशन’ म्हणून दिसतही नाही, दरातच मुरलेला असतो. म्हणून तिकीट काढलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: जिथं जातोय तिथलं चलन इथंच थेट मिळतंय का?

दुबईचे दिरहम, सौदीचे रियाल, सिंगापूर डॉलर, युरो, पौंड, थायलंडचे बाट हे सगळं भारतात मिळतं. मिरजेहून उमराहला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जाणाऱ्यांनी आधी डॉलर घेऊन तिकडे रियाल करण्यात काही अर्थ नाही. थेट रियाल घ्यावेत. रियालचा दर १९८६ पासून डॉलरला ३.७५ असा बांधलेला आहे आणि दिरहमचा १९९७ पासून ३.६७२५, त्यामुळे डॉलर हातात ठेवून पुढं चांगला दर मिळेल ही आशाही फोल. याउलट बाली आणि व्हिएतनाम. रुपिया आणि डाँग इथं सहजी मिळत नाहीत, मिळाले तरी दर परवडत नाही. तिथं मात्र डॉलर न्यावेत आणि तिकडं बदलावेत. दोनदा बदलणं तिथं टळत नाही.

युरोप सहलीत एक घोळ हमखास होतो. व्हिसा एकच असतो म्हणून चलनही एकच असेल असं धरून चालतात. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, चेक प्रजासत्ताकात कोरुना, हंगेरीत फोरिंट. स्विस दुकानदार युरो घेतो, पण सुट्टे फ्रँकमध्ये देतो आणि दर त्याच्या मनाचा असतो. अशा दोन-तीन दिवसांच्या मुक्कामासाठी वेगळ्या नोटा घेत बसू नका, तिथं कार्डच वापरा.

आता आपल्याकडची अडचण. सांगलीत काय किंवा साताऱ्यात काय, बँकेच्या प्रत्येक शाखेत परकीय चलनाचं काम चालत नाही. विश्रामबागच्या किंवा पोवई नाक्यावरच्या शाखेत जाऊन रांगेत उभं राहण्याआधी फोन करून विचारा: नोटा देता का, कुठल्या चलनाच्या, आणि मागणी दिल्यावर किती दिवसांत? बऱ्याचदा नोटा मोठ्या शहरातून मागवाव्या लागतात. दुसरा-चौथा शनिवार, रविवार आणि मध्येच आलेला सण धरला तर निघायच्या आठ-दहा दिवस आधी मागणी नोंदवलेली बरी. ‘रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मुंबई गाठू आणि विमानतळावर डॉलर घेऊ’ हा बेत सगळ्यात महाग पडतो. विमानतळावरच्या काउंटरला माहीत असतं की तुम्हाला दुसरीकडं जायला वेळ नाही. पुण्याहून विमान असेल तर एक दिवस आधी जाऊन शहरातल्या परवानाधारक मनी चेंजरकडं घेता येतं. रिझर्व्ह बँकेचा परवाना भिंतीवर लावलेला असतो, तो बघा.

दर विचारताना ‘कमिशन किती’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘हातात हजार डॉलर हवेत, सगळं धरून खात्यातून किती जातील?’ असं विचारा. समजा बाजारात डॉलर ९० रुपये चालू आहे. एक जण ९१.२० सांगतो, वर काही नाही. दुसरा ९०.६० सांगतो, पण ५०० रुपये सेवाशुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. हजार डॉलरना पहिल्याकडं ९१,२०० आणि दुसऱ्याकडं ९१,१९०, म्हणजे सारखंच. पण तीनशेच डॉलर हवे असतील तर पहिल्याकडं २७,३६० आणि दुसऱ्याकडं २७,७७०. ‘शून्य कमिशन’ची पाटी लावून ९२.५० लावणारा तिसरा मात्र हजारामागं तेराशे रुपये जास्त घेऊन जातो. चलन बदलण्यावरचा सरकारी जीएसटी वेगळा असतो आणि तो सगळीकडं जवळपास सारखाच: एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे लाखाला १८० रुपये, आणि कमीत कमी ४५. त्याहून जास्त कुणी ‘टॅक्स’ म्हणून सांगत असेल तर हिशेब कागदावर मागा.

कागदपत्रं म्हणजे पासपोर्ट, तिकीट, लागत असेल तिथं व्हिसा, पॅन आणि चलन कशासाठी हवंय ते लिहून तिथंच भरायचा ए-टू फॉर्म. पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम असेल तर रोख चालत नाही, खात्यातून द्यावी लागते. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरइतक्याच नोटा नेता येतात. बाकीचे पैसे कार्डावर. ही मर्यादा प्रत्येकाची वेगळी, म्हणून चौघांचं सगळं चलन एकट्या बाबांच्या नावावर घेऊ नका. नेपाळ-भूतानसाठी परकीय चलन मिळत नाही, तिथं रुपयेच न्यायचे. घेतलेलं चलन साठ दिवसांत वापरायचं असतं, त्यामुळं डॉलर स्वस्त दिसतोय म्हणून चार महिने आधी घेऊन ठेवणं नियमात बसत नाही. वर्षाला माणशी दहा लाखांपुढं रक्कम गेली की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर पैसे अडकतात. सहल कंपनीच्या पॅकेजवरचा टीसीएस वेगळा आणि तो पहिल्या रुपयापासून लागतो. भाव ठरवतानाच तो धरलाय का ते विचारून घ्या.

आणि कुणा ओळखीच्याकडं पडून असलेले डॉलर ‘बँकेपेक्षा स्वस्तात’ घेऊ नका. परकीय चलन कायद्यानुसार तो व्यवहारच बेकायदा आहे, नोट खोटी निघाली तर दाद मागायला जागा नाही, आणि कस्टमने विचारलं तर दाखवायला पावती नाही.

नोटा हातात घेताना एकेक उलटून बघा. आपल्याकडं काउंटरवर गड्डीवर पेनाने आकडा टाकायची, स्टेपल मारायची सवय असते. अशी नोट अमेरिकेत चालून जाईल, पण बालीत किंवा कंबोडियात मनी चेंजर ती सरळ परत ढकलतो नाहीतर दर पाडतो. घडी घातलेली, शिक्का पडलेली, कोपरा फाटलेली नोट तिथंच बदलून मागा. बाली आणि बँकॉकमध्ये शंभराच्या नोटेला जो दर मिळतो तो दहा-वीसच्या नोटेला मिळत नाही, म्हणून बदलायचे डॉलर शंभराच्या नोटांत घ्या आणि टॅक्सी-टिपसाठी थोडे सुट्टे. युरोचं उलट: तिथं खर्च थेट नोटांनीच करायचा, म्हणून वीस-पन्नासच्या घ्या. ५०० युरोची नोट २०१९ पासून नव्याने दिली जात नाही आणि जुनी बरीच दुकानं नाकारतात. घरात कुणी जुने पौंड जपून ठेवले असतील तर तेही बघा; कागदी २० आणि ५० पौंडाच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर इंग्लंडमधल्या दुकानांत चालत नाहीत.

माझ्या मते साध्या आठ-दहा दिवसांच्या सहलीला एकूण खर्चाच्या पाव ते तिसरा हिस्सा नोटा, बाकी फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड) आणि सोबत एक क्रेडिट कार्ड, एवढं पुरतं. जपान, जर्मनीत नोटा थोड्या जास्त ठेवा, सिंगापूरला कमी. फॉरेक्स कार्डाचा दर नोटांपेक्षा सहसा बरा असतो आणि भरलेल्या दिवशीच तो पक्का होतो. पण कार्डावर जे चलन भरलंय त्याच देशात ते स्वस्त. डॉलर भरलेलं कार्ड थायलंडमध्ये घासलं की दोन ते साडेतीन टक्के क्रॉस करन्सी शुल्क लागतं, म्हणजे रुपया पुन्हा दोनदा बदलला. साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड वापरलं तर बहुतेक बँका साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे दरावर जादा आकार, आणि त्यावर जीएसटी लावतात: लाखाच्या खरेदीला ४,१३० रुपये. मार्कअप नसलेली कार्डंही मिळतात. वर्षाआड परदेशी जाणाऱ्याने असं एक काढून ठेवावं.

हॉटेलात शिरताना अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवतात. ती क्रेडिट कार्डावरच अडवू द्या. फॉरेक्स कार्डावर अडवली तर तुमचेच पैसे कित्येक दिवस गोठतात आणि सहल संपल्यावर मोकळे होतात. भाड्याच्या गाडीचंही तसंच.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पुढच्या जागी. दुकानातलं मशीन किंवा एटीएम विचारतं: बिल रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, बोट तिकडंच जातं. तो दर त्या मशीनवाल्याने ठरवलेला असतो आणि चांगलाच चढा असतो. कायम तिथलं चलन निवडा. एटीएमवर ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ दाबलं तर पैसे येणारच नाहीत अशी भीती वाटते, पण व्यवहार रद्द होत नाही, फक्त त्यांचा दर नाकारला जातो. दिरहम भरलेल्या फॉरेक्स कार्डाने दुबईत रुपयांत बिल दिलं, तर दिरहमचे रुपये होऊन पुन्हा दिरहम कापले जातात. दुकानदाराने न विचारताच रुपये निवडले असतील तर सही करण्याआधी चिठ्ठी बघा आणि व्यवहार रद्द करून पुन्हा करायला लावा.

एटीएममधून थोडे थोडे पैसे काढू नका. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा जास्त शुल्क लागतं, म्हणजे सहाशे रुपयांच्या घरात. हजार काढा नाहीतर दहा हजार काढा, शुल्क तेवढंच. क्रेडिट कार्डावर रोख काढलीत तर व्याज त्याच दिवसापासून.

निघायच्या आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर तो मुळातच बंद असतो, आणि दुकान, एटीएम, ऑनलाइन यांची बटणं वेगवेगळी असतात. भारतीय सिम रोमिंगसह फोनमध्येच राहू द्या, इंटरनेटसाठी ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम) घ्या. भारतीय सिम काढून डब्यात ठेवलं की ओटीपी येत नाही आणि बँकेचं ॲपही बऱ्याचदा उघडत नाही. यूपीआय सिंगापूर, दुबई, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, भूतान इथं काही दुकानांत चालतं, ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू करावा लागतो. सोय चांगली आहे, पण सगळी मदार त्यावर ठेवू नका.

बालीत गल्लीबोळातल्या, फलकावर सगळ्यांत चढा दर लावलेल्या दुकानांपासून दूर राहा. तिथं नोटा तुमच्यासमोर बरोबर मोजतात, मग ‘थांबा, पुन्हा बघतो’ म्हणून गड्डी परत घेतात आणि त्यातल्या काही नोटा टेबलाच्या मागं पडतात. शेवटची मोजणी तुमच्या हातची हवी. ती झाल्यावर गड्डी पुन्हा त्यांच्या हाती द्यायचीच नाही. व्हिएतनाममध्ये २० हजार आणि ५ लाखांची नोट दोन्ही निळसर असतात. पहिली सत्तर-ऐंशी रुपयांची, दुसरी तिच्या पंचवीसपट. टॅक्सीत अंधारात पैसे देताना पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या असाव्यात.

परतताना उरलेली नाणी विमानतळावरच संपवा, इथं नाणी कुणी विकत घेत नाही. नोटा २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत जवळ ठेवता येतात. त्यावरच्या १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला परत विकायच्या. विकताना खरेदीची पावती सोबत न्या. फॉरेक्स कार्डावरची शिल्लक मागणी अर्ज देऊन खात्यात घेता येते, पण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच देशात जायचं असेल तर ती त्याच मर्यादेत तशीच राहू द्या. फक्त कार्डाची मुदत आणि न वापरल्याबद्दलचं शुल्क आधी बघून घ्या.